सात नंबरचं पिंप

केपटाऊनहून दोन डोंगर आत, आमच्या खोऱ्यात
मजुरी ओली असायची.
दव वाळायच्या आत पहिलं टमरेल वाईनचं,
दहाला दुसरं, जेवणाला तिसरं, चारला एक,
आणि सुटी झाल्यावर दोन,
कारण मुकादम म्हणायचा, शेवटचं माझ्या पदरचं.
पदर कुणाचा होता, ते आम्हाला ठाऊक होतं.
शनिवारी हातावर नाणी पडायची.
मोजायला एक हात पुरायचा.

माझा बाप आंद्रीस वेली छाटायचा.
कापल्या जागी पाणी टपकायच्या आत
तो पुढच्या रांगेत असायचा.
भाऊ योसेफ जन्मला तेव्हा
आईच्या बुटात मावला असता.
सात वर्षांचा झाला तरी त्याला
चारनंतर काय येतं, सांगता येत नव्हतं.
नर्स म्हणाली, पोटातच प्यायलाय हा.
आई म्हणाली, मळ्यात पाणी कुठे देतात?

गोऱ्यांचं चर्च टेकडीवर.
आमचं खाली, पिंपांच्या गोदामाला लागून.
घंटा नव्हती, नांगराचा फाळ टांगला होता,
कामाला आणि उपासनेला तोच बडवायचे.
पाळक चांगला माणूस होता. खरंच चांगला.
मला ताप होता तेव्हा रात्रभर उशाशी बसला होता.
उशिरा आलेल्यांनाही पूर्ण दाम देणाऱ्या
मळेवाल्याची गोष्ट तो फार गोड सांगायचा,
आणि मागच्या बाकावरून म्हातारा फ्लोरिस विचारायचा,
हा मालक कुठल्या खोऱ्यातला?
चालत किती दिवस लागतील?
लोक हसायचे. पाळकही हसायचा.

द्राक्षं उतरवून झाली होती. ईस्टरच्या आधीचा गुरुवार.
प्रभुभोजनाचा पेला बाकाबाकातून फिरत आला.
पेला चांदीचा, मालकिणीने दिलेला,
तळाशी तिच्या सासऱ्याचं नाव.
तो धुवायचं काम माझं, म्हणून मला माहीत होतं
आत काय असतं ते:
सात नंबरचं पिंप, तोटीजवळ तडा गेलेलं,
बाजारात न खपणारं,
टमरेलात असतं तेच.

आईने पेला हातात घेतला. वास घेतला. थांबली.
शेजारच्या सानाने कोपराने ढोसलं.
आई बोलली, मोठ्याने नाही,
शेजारणीकडे मीठ मागावं तशी:
हे मी आठवडाभर प्यायले, पाळकसाहेब.
माझा मुलगाही प्यायला.
जो आमच्यासाठी मेला त्याला विचारा,
आज मला पाणी चालेल का.

योसेफ बोटं मोजायला लागला आणि चारावर अडकला.
पाळकाचा हात पुढे आला, मागे गेला.
मग साना उठली,
घोड्यांच्या हौदातून बादली भरून आणली.
अर्धी दारातच हिंदकळली.

चमत्कार वगैरे झाला नाही.
पाणी पाणीच राहिलं,
आणि तेरा बायकांनी आणि मी ते प्यायलं.

सोमवारी घर खाली करायची चिठ्ठी आली.
भिंती मळ्याच्या, छप्पर मळ्याचं,
आईची तेवढी चूल.
पाळकाने चिठ्ठी वाचून दाखवली,
कोट घातला आणि टेकडी चढून गेला.
तिथे काय बोलणं झालं, त्याने कधी सांगितलं नाही.
हिवाळा संपायच्या आत त्याचीही बदली झाली.
आम्ही रेल्वेच्या जागेत पत्रे ठोकले.

टमरेल पुढे कायद्याने बंद झालं,
आणि कायद्याला न कळता बराच काळ चालू राहिलं.
आता मंडळीत मी वडील आहे.
गुरुवार आला की मनुका उकळते, गाळते, निवू देते.
काही जण म्हणतात, हे खरं नव्हे.
नसेल.

बापाने पिणं सोडून अकरा वर्षं झाली.
तरी दहाच्या सुमाराला, दाराशी बसल्या बसल्या,
त्याचा उजवा हात आपोआप पुढे येतो,
बोटं टमरेलाच्या मापाची वाकलेली.
आई काही बोलत नाही.
जवळ असेल ते त्या हातात ठेवते:
पावाचा तुकडा, कधी उकडलेला बटाटा.
परवा कपडे वाळत घालत होती,
तर मूठभर चिमटे दिले धरायला.
ते त्याने
दोरी भरेपर्यंत धरले.