बाद रुपया

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
मी टॉवेल तपासतो. बावीस वर्षं झाली.
तुटलेला धागा, सुटलेला फंदा, कडेला आलेली गाठ,
खडूनं फुली मारायची, माल सेकंडात टाकायचा.
फुलीचे पैसे कुरापाटीच्या पगारातून जातात.
तो माझ्याशी बोलतो,
पण चहा वेगळा घेतो.

रात्री नऊनंतर मी उलटा माणूस.
ट्यूबलाइटखाली भिंग, सोनाराचा काटा,
आणि बँकेतून पिशवीनं आणलेली चिल्लर,
जी पिशवीनंच परत जाते.
बिराजदार कॅशिअर विचारतात, घावलं का काही?
हजारात एक, म्हणतो मी.
हजारात एकही नसतं.

सरकलेला ठसा बघायचा. चकती कापताना चावलेली कड.
साच्याला तडा गेला की नाण्यावर बारीक रेघ येते,
उंच, नखाला अडकणारी.
खोल लागली तर तो नुसता ओरखडा. सोडून द्यायचं.

मंगळवार बाजारात शेंगाचटणीवाली मल्लव्वा म्हणाली,
"ह्यो तरी घ्या ओ, कुणी घेईना. बाद हाय म्हणत्यात."
ठसा एका अंगाला घसरलेला,
दुसऱ्या अंगाला कोरी कोर, नखाएवढी.
रुपयाचं चिन्ह निम्मं कडेबाहेर गेलेलं.
पण साल शाबूत, दोन हजार चौदा,
आणि सालाखाली हैदराबादची चांदणी.
मी तिला एक रुपया दिला. चटणीचे वेगळे.

घरी काट्यावर तीन ग्रॅम एकोणऐंशी. बरोब्बर.
म्हणजे हातोडा नाही, व्हाइस नाही,
टांकसाळीतच त्या एका दणक्याला
चकती जागेवर बसली नव्हती.

पुण्याच्या प्रदर्शनात जाड चष्म्याच्या गृहस्थानं
नाण्याकडं न बघताच विचारलं, साल दिसतंय का?
दिसतंय म्हटल्यावर, अठराशे.
मी विकलं नाही.
पण त्यातले नऊशे कुणाचे, ह्यावर
आठवडाभर कूस बदलत राहिलो.

मल्लव्वाला सांगितलं तर तिनं
फळीखालून डबा काढला, तिखटाचा वास मारणारा,
आणि तरटावर ओतला. पंधरा-सोळा बाद नाणी,
वर्षानुवर्षं कुणी न घेतलेली.
मी बसलो तिथंच, उन्हात, भिंग लावून.
हे वायसरसाठी भोकलेलं.
हे चुलीत गेलेलं.
हे नातवानं रुळावर ठेवलेलं, चपटं, पोळीसारखं.
न्हाई. न्हाई. हेबी न्हाई.

"जन्मतानाच चुकलं पाहिजे," मी म्हणालो,
"मागनं मार खाल्लेल्याला भाव नसतोय."

ती नाणी डब्यात भरत होती, एकेक.
"कोण ठरविलं ओ हे?"

नऊशे मात्र तिनं घेतले, दोनदा मोजून,
आणि एक नोट फाटकी म्हणून बदलून मागितली.

आज कुरापाटीच्या मागाचा टॉवेल हातात आला,
मधोमध एक जाड आडवी रेघ.
खडू उचलला. आधी नख फिरवलं. उंच होती.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.
मग फुली मारली.

रुळाखालचा तो रुपया मी मागून आणलाय.
अल्बमात त्याला कप्पा बसत नाही,
दोन कप्प्यांएवढा झालाय तो.
साल गेलंय, चांदणी गेलीय, काहीच वाचता येत नाही.
काट्यावर ठेवून बघितला, उगाच.
तीन ग्रॅम एकोणऐंशी.