तिकिटाआधी

सोमवारी उलपेसाहेब सात टक्क्यांनी पुढं,
बुधवारी तीन.
गुरुवारी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
हौसाक्का धार काढता काढता म्हणाली,
"लिही कुणाचंबी. तिकीट मिळंल त्याचा गुलाल."

ऑफिसात आकडा बघून साहेबांनी
बॅनरवरचा हसरा फोटो उतरवला,
हात जोडलेला चढवला.
रंकाळ्यावरची पहाटफेरी बंद,
आता रोज एका तालमीत, मांडी घालून.
भाषणातनं विकास गेला, ड्रेनेज आलं.

मी गप्प.
त्या घसरलेल्या चार टक्क्यांत
माझे अकरा फॉर्म आहेत,
जिने चढवेनात म्हणून
उत्तरेश्वराच्या पायरीवर बसून
अंदाजानं भरलेले.

रात्री साडेअकराला फोन:
"पोरी, ती नाराज घरं कुठली गं?
नारळ घेऊन मी स्वतः जातो."