तूटफूट वजा

कुरिअरवाल्या पोराने काचेवर बोटाने सही घेतली.
माझी सही अशी नाही, मी म्हटलं.
चालते काका, तो म्हणाला, आणि गेला.

लिफाफ्यात नवा करारनामा, एकोणीस पानी,
आणि जुन्याची झेरॉक्स, अठ्ठ्याहत्तर सालची, दीड पान.
कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल,
झेरॉक्समध्ये तोही काळा पडलेला.

ते दीड पान सदरच्या बेकरीत वाचलं ऑब्रीने,
इंग्रजी त्याचं घरचं म्हणून.
सर्व माध्यमांत, आज असलेल्या आणि यापुढे निघणाऱ्या.
इरशाद हसला : आता काय निघणार आहे बे?
भिंती गातील?
मुदत : कायम.
रात्री बापाला सांगितलं. मागावरून न उठता तो म्हणाला,
कायम म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ.
असं राजे लिहीत, गावं इनाम देताना.
तुमच्याजवळ द्यायला काय आहे रे?

आमचं नाव थर्ड शिफ्ट.
मिलचा रात्रीचा भोंगा झाला की
गोळीबार चौकातलं सुताचं गोदाम रिकामं मिळायचं, एवढंच कारण.
चौघांत मिळून दोन टक्के,
त्यातून तूटफूट वजा दहा टक्के.
तबकड्या फुटतात ना वाटेत, ट्रकमध्ये.
आम्हाला पटलं. घाट आहेत, खड्डे आहेत.

आता चार तबकड्यांचा संच निघतो आहे.
रंग संत्र्याचा. नागपूर म्हणून.
मूळ टेप चिकट झाली होती, कंपनीतली मुलगी फोनवर सांगते,
मग आम्ही ती ओव्हनमध्ये भाजली,
चोपन्न डिग्रीला, आठ तास.
बाई, मी म्हटलं, मे महिन्यात आमच्या गच्चीवर टाकली असती
तर फुकटात झालं असतं.
ती हसली नाही. लिहून घेत होती.

नमुना ऐकला. साफ. काच पुसावी तसा.
तिसऱ्या गाण्याआधी मात्र कूलर नाही.
सत्तेचाळीस डिग्री होती त्या दुपारी,
बंद केला असता तर आधी ॲम्प गेला असता, मग आम्ही.
त्याची घरघर पाव सूर खाली होती,
म्हणून मी बासचा पहिला सूर तिच्यावर टेकवला,
चार मात्रा धरून ठेवला,
आणि ऑब्री आत येताना वर सरकलो.
आता घरघर नाही.
सूर तेवढा उरला आहे, टेकायची भिंत काढून घेतलेला.
लोक म्हणतील, निमजे बेसूर होता.

ते एक जाऊ द्या.
त्या घरघरीत इरशाद बोलला होता,
पानी डाला क्या बे?
ड्रमवाल्याचा आवाज कोणत्या रेकॉर्डवर असतो?
त्याचा होता, हे चार शब्द.
निखतला मी सांगून बसलो आहे,
अब्बू ऐकू येतील, तिसऱ्या गाण्याआधी कान दे.

सर, ते आपण बोनस म्हणून वेगळं देऊ शकतो, मुलगी म्हणाली.
कलम चौदा पाहा.
पाहिलं. गाण्याबाहेरचे सर्व ध्वनी,
खोकला, बोलणे, यंत्रांचे आवाज, यांसह :
मालकी कंपनीची.
आणि हे सोबतचं पान, हिशोबाचं?
एकोणीस हजार वेळा ऐकलं गेलं म्हणता, फोनवर, हवेतून,
त्यातून तूटफूट वजा दहा टक्के.
आता काय फुटते?
ती जरा थांबली.
जुना क्लॉज आहे सर, तसाच पुढे आला.

ऑब्रीने पर्थहून सही करून पाठवली आहे.
पुष्पराजच्या मुलाने वारसाचा दाखला जोडला.
निखतची सही उर्दूत, उजवीकडून.
माझीच जागा रिकामी.

पेन घेतलं. समासात मराठीत लिहिलं :
कूलर परत लावणे. माणसासकट.
वकील काय ते वाचो.
खाली सही, माझी, जशी असते तशी.

खोलीत हवा गरम येऊ लागली होती,
वाळा कोरडा पडला होता खिडकीतला.
बादली उचलली. गुडघे बोलले.
डाला ना बे, मी म्हटलं,
कोणी विचारलं नव्हतं तरी.