खजिनदाराचा अहवाल

सभेला अकरा जणी आणि एक कुत्रा हजर.
कोरम पूर्ण, एलिनेद म्हणाली,
कुत्र्याला धरून.

जमा: केक विकून दोनशे बारा पौंड,
खाटकाची देणगी
(म्हणून वर्षभर पाठीवर
सॉसेजचं चित्र घेऊन धावलो),
आणि शिव्यांच्या डब्यातले अठ्ठेचाळीस.
त्यातले तीस एकट्या मारेदचे,
घोटा मोडला त्या दुपारचे.

खर्च: पंच, बँडेज, मिनीबसचं डिझेल,
आणि मेंढ्यांनी खाल्लेलं
गोलचं एक जाळं.

बाकी तुम्हाला माहीतच आहे.
अठरा सामने. सात जिंकलो, तीन बरोबरीत,
आठांबद्दल घरी जाताना
मिनीबसमध्ये कुणी बोललं नाही.
दहांत सहावा नंबर.
मागच्या वर्षी नववा होता,
हे मी दोनदा वाचते.

आपला डोंगर पाटीच्या दगडाचा.
अर्धा डोंगर कोणाकोणाच्या छपरांवर गेला,
कुठल्या कुठल्या शाळांत
पोरांनी त्याच्यावर अक्षरं गिरवली, पुसली.
उरलेला चुरा होऊन
मैदानामागे बसलाय, पावसात काळा,
आपल्या प्रत्येक सामन्याचा
एकमेव कायमचा प्रेक्षक.
आजोबा त्यातच कामाला होते.
त्यांच्या रविवारच्या फोटोत फुटबॉलचा संघ आहे,
अकरा मिशा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी
सराव बिदिगच्या ट्रॅक्टरच्या दिव्यांवर.
उजेड अर्ध्याच मैदानाला पुरायचा.
शॉनेद डाव्या बगलेला, पार अंधारात.
चेंडू तिला दिसायचा नाही, ऐकू यायचा,
ओल्या गवतावरून येणारा
दळणासारखा आवाज.
मार्चमध्ये लख्ख उन्हात तिने आठ गोल केले.
त्यातले तीन डोळे मिटून,
असं ती शपथेवर सांगते.
नोंद अहवालात घ्यावी, असाही तिचा आग्रह.
घेतली.

आता पुढचं.

ठराव पहिला: खांबावरचे दिवे.
चाळीस हजार पौंड.
वाचताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
हातात शिल्लक तीनशे एकोणीस.
कुणी हसलं नाही.
दोन वर्षांपूर्वी हसल्या असत्या सगळ्या,
मी सगळ्यात आधी.

ठराव दुसरा: महिन्यातून एक शनिवार
दुपारी दोनची वेळ आपल्याला.
पुरुष संघाने उकरून ठेवलेल्या चिखलात नाही,
त्यांच्याआधी, गवत उभं असताना.
त्यांच्या सचिवाचं उत्तर आलंय:
विचार करू.
हे कोणत्याही भाषेत
एकाच सुरात म्हणतात.
एलिनेद म्हणाली, पुन्हा लिही.
लिहिते.

ठराव तिसरा: बारा वर्षांखालच्या मुलींचा संघ.
एप्रिलमध्ये कुंपणाशी चौघी होत्या.
मे संपता संपता तेवीस.
कुणी पावसाळी गमबुटांत,
कुणी भावाच्या बुटांत मोजे कोंबून.
बुटांचं काय करायचं?
बिदिग म्हणाली, चर्चच्या दारात पेटी ठेवू,
ज्यांचे पाय वाढले त्यांनी टाकायचे.
सूचक: मारेद, कुबडी वर करून.
अनुमोदक: सगळ्या.
टाळ्यांचा गजर बेताचाच,
हातांत चहाचे कप होते.

त्या तेविसांतली एक, दोन दात पडलेली,
मला विचारून गेली:
चार नंबरची जर्सी कधी रिकामी होणार?

चार नंबर माझा.
एकोणीस वर्षं.
गुडघ्यांची बेरीज मला येते,
म्हणूनच मी खजिनदार.
मी तिला म्हटलं, विचार करू.
आणि माझाच सूर ऐकून
कानशिलं तापली.

किरकोळमध्ये एक नोंद राहिली.
संघाचे कपडे धुते मीच,
हे सर्वांना माहीत आहे.
लेबलवर लिहिलंय: थंड पाणी.
काल रात्री चार नंबर तेवढी
मी उकळत्या पाण्यात टाकली,
आणि मशीनच्या काचेपाशी
बसून राहिले.

अजून खूपच मोठी आहे तिला.
रविवारी परत टाकेन.