पाव किलो

शिवलिंगप्पा आता विचारत नाही.
मी पायरी चढेपर्यंत
पाव किलोचं वजन पारड्यात पडलेलं असतं.
तरी मी म्हणते, म्हणायचं असतं म्हणून:
"कुंदा द्या."

शहापुरातून वडगावला येताना
पिशवी पोटाशी धरते. खोका अजून कोमट.
घरात लपवावं असं कुणी नाही,
तरी लपवते,
रव्याच्या डब्यामागं, विजेच्या जुन्या बिलांखाली.

रात्री साडेअकराला उठते. दिवा लावत नाही.
शेजारच्या मागांची खडखड भिंतीतून येते,
त्या ठेक्यावर चमचा चालतो.
चव असते ती पहिल्या तीन घासांना.
पुढं नुसतं गिळणं,
पत्ता न लिहिलेली पाकिटं
पेटीत टाकत राहावीत तसं.

डॉक्टर हंजी म्हणाले, साखर दोनशे चाळीस.
"एवढी भूक लागते काय हो?"
म्हटलं, भूक नाही लागत.
त्यांचं पेन जरा थांबलं,
मग त्यांनी गोळी लिहिली.

सोमवार धरले. गुरुवार धरले.
उपासाला साबुदाणा इतका खाल्ला
की देवालाच ढेकर आली असेल.
कपाटाला कुलूप घातलं,
किल्ली माझ्याच पदराला.

आमच्या गावात माणसं भेटली की
आधी पोटाचं विचारतात.
मराठीत, "जेवलीस काय गे?"
कानडीत, "ऊटा आत?"
मी दोन्हीकडं "झालं की" म्हणते.
नकाशावरच्या त्या रेघेवरून काय भांडायचं ते भांडोत,
माझं खोटं दोन्ही बाजूंना सारखंच.

मग वैशाखातल्या एका रात्री वीज गेली.
माग थांबले, एकदम सगळे.
चमचा खोक्याच्या तळाला घासला तेही ऐकू आलं,
आणि त्यामागून माझाच आवाज:
"कुंदा."

दुकानात म्हणते तसा नव्हता.
माडीवरून अंगणात हाक मारावी,
वेणी घालायची राहिलीय, वर ये,
तसा होता.

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
आईच्या पाटल्यांवरून चार वर्षं अबोला,
मग सिव्हिलमधला तो पलंग,
मी पोचले तेव्हा चादर बदललेली.
तेराव्याला लोक जेवले, मीही जेवले,
पुन्हा वाढून घेतलं.
रडले नाही. तोंड भरलेलं होतं.
त्यानंतर सहा वर्षं
तिचं नाव मी फक्त गल्ल्यासमोर घेतलं,
आणि पैसे मोजले की दर वेळी
ती मिळाली.

बाहेर बॅटरीचा उजेड हलला.
गंगव्वा. उकाड्यानं तीही जागी.
"ऊटा आत?"
रात्री बाराला! सवयीनंच विचारलं असेल तिनं.
मी म्हटलं, "नाही."

पायरीवर बसलो.
तिला मराठी अर्धं येतं, मला कानडी पाऊण,
तेवढ्यात पाटल्या सांगितल्या, पलंग सांगितला,
नाकातोंडातून पाणी, पदर भिजलेला,
कुठल्या भाषेत रडले माहीत नाही.
बराच वेळ ती गप्प होती.
मग म्हणाली, "हेसरु चलो ऐति."
नाव चांगलंय.
एवढंच म्हणाली,
आणि डास मारत बसली.

सुटलं, असं म्हणणार नाही.
परवा पुन्हा उठले.
पण दिवा लावला.
खोका रव्याच्या डब्यापुढंच होता,
स्टुलावर बसून दोन चमचे खाल्ले,
तिसऱ्याला तिला म्हटलं,
पाटल्या तूच घ्यायला हव्या होत्यास गे,
तुझं मनगट बारीक.
चमचा धुऊन ठेवला.

काल दुकानावरून जात होते.
शिवलिंगप्पानं लांबूनच बघितलं,
वजन उचललं.
म्हटलं, "आज नको हो. अशीच चाललेय."
तो ते वजन हातात घेऊन उभा,
कुठं ठेवावं
सुचत नसल्यासारखा.