जरासा आऊट

मेदेबेरच्या बाजारात, जिथे
तेलाच्या डब्यांच्या चाळण्या होतात
आणि ट्रकच्या टायरांच्या वहाणा,
तिथे ती एका खुराड्याला टेकू देऊन उभी होती.
चाकं नव्हती. सीट नव्हती.
आत कोंबड्या, वर ऊन,
हँडल मात्र मान ताठ ठेवून.

झेरायने भाव सांगितला तो लोखंडाचा, किलोवर.
मी घासाघीस केली नाही.
"अब्रेहेत, वय काय तुझं?" तो म्हणाला.
"हिच्याहून कमी."

सूतगिरणीत अडतीस वर्षं
मी धाग्याचा ताण बोटांनी ओळखला.
सैल सुटला तर गुंता, फार ओढला तर तुटला.
चाकाच्या तारा वेगळं काय मागतात?
नखाने छेडत जायचं एकेक,
जी खालच्या सुरात बोलेल तिला पाव फेरा,
मग तिच्या समोरचीला,
मग पुन्हा पहिलीला, कारण ती रुसलेली असते.
पहिल्या रात्री चाक लंगड्या गाढवासारखं फिरलं.
चौथ्या रात्री, दिवे गेले तेव्हा,
अंधारात नुसत्या आवाजावरून कळलं, येतंय सरळ.
अजून जरासा आऊट आहे,
व्हॉल्व्हपासून दोन बोटांवर, डावीकडे.
तेवढा मी काढत नाही.

रंग खरवडला. काळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली लाल,
लालाखाली कुणीतरी खिळ्याने कोरलेली
आमच्या लिपीतली दोन अक्षरं.
मालकाची, की मालकाला आवडणाऱ्या कुणाची?
तेवढा तुकडा रंगवला नाही,
वर नुसतं मेण चोळलं.

मग सगळं अडलं सात आठवडे,
एका कॉटर पिनेपायी.
शेवटी झेरायनेच कुठल्याशा बोल्टला
कानस मारून मारून बसवली.
बोल्ट कशाचा, मी विचारलं नाही.
आमच्या शहरात लोखंडाला
त्याचं मागचं विचारत नाहीत.

स्टॉकहोमहून भाचीचा फोन:
"मावशी, नवी पाठवते ना, गिअरवाली."
"नवी आली तर मी संध्याकाळी काय करू?"
तिला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. नेऊ दे.
इंजेराच्या पिठाला ग्रीसचा वास लागतो
म्हणून तिची आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती,
तिसऱ्या दिवशी म्हणाली, छर्रे धुवायला रॉकेल पुरेल का?
आणि ताटलीत बसून एकेक छर्रा
डाळ निवडावी तसा निवडत राहिली.

काय मिळतं, असं विचारशील
तर मला नीट मांडता येणार नाही.
गुडघा दुखतो, तो आता कामाने दुखतो.
आणि रविवारी पहाटे
नेफासितच्या उतारावर
समुद्राकडून धुकं चढत येतं,
मी त्यात उतरत जाते.
पॅडल थांबवलं की फ्रीव्हील बोलायला लागतं,
कठड्यावरची माकडं वळून बघतात,
पापण्यांवर पाणी, तोंडात थंड हवेची चव,
आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा
तो आऊट ब्रेकच्या रबराला चाटून जातो,
चुक... चुक...

शर्यतीची पोरं रांगेने पुढे निघून गेली.
शेवटचा मागे रेंगाळला.
"आजी, ब्रेक धरतात?"
"धरतात. उशिरा धरतात."
तो काही अंतर माझ्याच वेगाने आला,
हिचं ऐकत,
मग लाजल्यासारखा पुढे सुटला.

खाली आल्याची कॉफी. एक, मग दुसरी.
वर यायला बस.
कंडक्टरने हिला टपावर चढवून
दोर असा काही आवळला
की मधली नळी कण्हलीच असेल.
लोक बसलेले, इंजिन सुरू, ड्रायव्हर हॉर्न मारतोय.
मी शिडी चढले,
गाठ सोडली,
बोटांनी ताण बघून
पुन्हा बांधली.