पहाटेचा फुगा

सोनेगावला पहाटे साडेचारला
मी फुग्यात हायड्रोजन भरतो.
मे महिना. रात्र सरली तरी गच्ची निवलेली नाही.
टेंभुर्णे शिकवायचे: हळू सोड रे पोट्ट्या,
म्हातारा वायू आहे, सूर्याच्याही आधीचा.
वडीलधाऱ्यासमोर बिडी काढू नये.

मग दोरी सुटते.
पांढरा फुगा, खाली लोंबणारं खोकं,
धावपट्टीच्या दिव्यांवरून कलत कलत
नाहीसा.
मी आत येऊन आकडे पाहतो.
खाली तेहेतीस. सतरा किलोमीटरवर उणे अठ्ठ्याहत्तर.
त्याच्याही वर, नवल म्हणजे, पुन्हा किंचित ऊब.
आणि ठप्प. फुटला.

खोकं कुठंतरी पडतं, बहुधा कुणी कळवत नाही.
गेल्या बुधवारी मात्र भिवापूरहून फोन,
कौतिका नन्नावरे, मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडणारी.
"तुमचं खोकं आमच्या मिरच्यात पडलं जी. बॉम्ब त नाही?"
नाही, म्हटलं.
"मंग कायले गेलतं वर?"
हवा मोजायला.
ती थांबली. मागे बायकांच्या शिंका, ठसका.
"आमी दिसलो का त्याले?"

डोळा नसतो त्यात. एक मणी, उष्मा कळणारा,
एक पापुद्रा, ओल कळणारा.
नाही दिसलात, म्हणालो. कुणीच नाही दिसत.
"बरं," ती म्हणाली, "आमाले त तो दिसला."

ड्यूटी संपवून जाताना शून्य मैलाचा खांब लागतो.
दगडी घोड्यांपाशी एक बाप पोराला सांगत होता,
हा देशाचा मध्य.
असेल. खांबावर गावांची अंतरं आहेत,
सूर्याचं नाही, आणि सूर्य कशाच्या मध्यावर आहे
हे विचारायला पोरगं अजून लहान.
मला आठवतात ते लोक, जे साखळ्या ओढत
उन्हातान्हात कोन मोजत आले असतील,
चुकले असतील,
आणि कुणी बघत नसताना मागे जाऊन
पुन्हा मोजलं असेल.

रजिस्टरात मीही तापमानाशेजारी लिहितो
ते किती चुकीचं असू शकतं.
देवळात असा रकाना पाहिला नाही, कचेरीतही नाही.

खोकं तिनं परत पाठवलं नाही.
सातऱ्यावर खिळ्याला टांगलंय म्हणे,
वारा आला की हलतं.
बायका मान वर करून बघतात
आणि पुन्हा देठं खुडतात.